गिट नकार देते तेव्हा : त्याचे संदेश वाचण्याची रीत

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत, आणि त्याहून अधिक त्या वाटेवर आहेत. मुलगा अथवा मुलगी ‘कॉम्प्युटरवर काम करते’ एवढेच बहुतेक पालकांना ठाऊक असते. त्या कामाचा एक छोटा पण रोजचा भाग येथे समजावून सांगण्याचा विचार आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच गिट नावाच्या साधनाशी गाठ घालावी लागते. हे साधन चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर मुख्यतः कळफलकावर आज्ञा लिहून चालवायचे असते. आज्ञा मान्य झाली तर ते फारसे बोलत नाही. अमान्य झाली तर इंग्रजीत चारपाच ओळींचा नकार देते.

या चारपाच ओळींची नव्या उमेदवाराला वाटणारी भीती मी पुष्कळ वेळा जवळून पाहिली आहे. ज्याच्या घरात या विषयावर विचारावे असे कोणीच नाही, जो कुटुंबातला पहिला पगारदार आहे आणि ज्याचा परिवीक्षेचा काळ अद्याप संपलेला नाही, त्याला तो नकार आपल्या लायकीवरचा शेरा वाटतो. मग दोहोंपैकी एक घडते. एक तर अडचण दिवसभर लपविली जाते, नाही तर कोठून तरी मिळालेली एखादी जोरकस आज्ञा अर्थ न समजता चालविली जाते. पहिल्याने वेळ जातो. दुसऱ्याने कित्येकदा दुसऱ्याचे काम जाते. म्हणून आरंभीच सांगतो : गिटचे बहुतेक नकार कोणाचे तरी काम पुसले जाऊ नये याचसाठी दिलेले असतात. नकार मोडून काढण्यापूर्वी तो कोणाचे रक्षण करीत आहे हे पाहिले पाहिजे.

गिटचा जन्मच मुळी अनेकांचे काम एकत्र सांभाळण्याच्या गरजेतून झाला. लिनक्स या प्रणालीचा गाभा जगभरचे हजारो लोक मिळून लिहितात. त्यांचे काम सांभाळण्यासाठी २००२ पासून वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाचा मोफत वापर २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये अवघ्या काही दिवसांत गिटचा पहिला आराखडा उभा केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी देखभालीची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. गिटच्या माहितीपुस्तिकेत या साधनाचे वर्णन ‘मूढ’ या अर्थाच्या शब्दाने केलेले आहे. ते विशेषण विनोदाने योजलेले असले तरी उपयोगी आहे. गिट तर्क करीत नाही, आपल्या मनातले ओळखत नाही. समोर जे आहे त्याचीच नोंद ठेवते.

ही नोंद कोठे कोठे असते हे कळले की निम्म्याहून अधिक नकार आपोआप उलगडतात. एखाद्या कार्यालयाची कल्पना करावी. टेबलावर कागद पसरलेले आहेत, त्यांवर खाडाखोड चालू आहे : हे आपले चालू फोल्डर. त्यांतील पक्के झालेले काही कागद बाजूला काढून ठेवले : ही गिटची मधली जागा, जिला इंडेक्स म्हणतात, आणि कागद तेथे ठेवण्याची आज्ञा ‘गिट ॲड’. मग ते कागद तारीख, नाव आणि कारण लिहून नोंदवहीत चढविले : याला कमिट म्हणतात. चौथी जागा म्हणजे दूरच्या संगणकावर असलेली सर्वांच्या सामाईक वापराची नोंदवही. आपल्या नोंदी तेथे पाठविणे म्हणजे पुश, तेथील नोंदी आणून आपल्या वहीत मिळविणे म्हणजे पुल. कार्यालयात वही एकच असते. गिटमध्ये मात्र प्रत्येकाजवळ संपूर्ण वहीची प्रत असते. सोय आणि गोंधळ दोन्ही यातूनच येतात.

आता नकाराच्या भाषेविषयी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘फेटल’ हा शब्द पाहून धडकी भरते, कारण शब्दकोशात त्याचा अर्थ प्राणघातक असा दिलेला आहे. गिटच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच की ही आज्ञा येथेच थांबली. ‘एरर’ म्हणजे सांगितलेले काम झाले नाही. ‘वॉर्निंग’ म्हणजे काम चालू आहे, पण लक्ष असू द्या. ‘हिंट’ हा शब्द ज्या ओळींच्या आरंभी असतो त्या ओळी सर्वांत मोलाच्या, आणि नेमक्या त्याच वाचल्या जात नाहीत. पुढे काय करता येईल ते तेथे पुष्कळदा आज्ञेसह लिहिलेले असते. या संदेशांतील इंग्रजी शब्दसंपत्ती मोजकीच आहे. रिजेक्टेड, डिनाइड, ओव्हरराइट, अबॉर्ट, अनट्रॅक्ड, डायव्हर्ज असे वीसपंचवीस शब्द एका वहीत अर्थासह उतरवून घेतले की इंग्रजीचा अडसर बराचसा दूर होतो. इंग्रजी कच्चे म्हणून संदेश न वाचणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

अगदी प्राथमिक अडचणींपासून आरंभ करू. ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर आले, किंवा विंडोजवर ‘गिट’ हा शब्द ओळखीचा नाही असे सांगण्यात आले, तर ते गिटचे बोलणेच नव्हे. गिटपर्यंत आपण पोचलेलोच नाही. एक तर ते संगणकावर बसविलेले नाही, नाही तर संगणक ज्या ठिकाणांच्या यादीत आज्ञा शोधतो त्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, त्याचे नाव नाही. नुकतेच बसविले असेल तर टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडावी. जुन्या खिडकीला नवी यादी माहीत नसते. आज्ञेचे स्पेलिंग चुकले असेल तर गिट स्वतःच जवळचा शब्द सुचविते. मूढ म्हणविणाऱ्या साधनाच्या मानाने हे सौजन्यच म्हणायचे.

‘नॉट अ गिट रिपॉझिटरी’ हा पुढचा सर्रास आढळणारा नकार. ज्या फोल्डरमध्ये आपण उभे आहोत तेथे, किंवा त्याच्या वरच्या कोणत्याही फोल्डरमध्ये, नोंदवही सापडली नाही असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा कारण साधे असते : आपण भलत्याच फोल्डरमध्ये आहोत. ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा देऊन जागा पाहावी आणि ‘सीडी’ने योग्य ठिकाणी जावे. येथे पुष्कळ जण ‘गिट इनिट’ चालवितात, कारण त्याने नकार नाहीसा होतो. नकार नाहीसा होतो खरा, पण त्या भलत्या जागी कोरी नोंदवही सुरू होते. पुढे ती सामाईक वहीशी जोडू पाहिली की ‘रिफ्यूझिंग टु मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज’ असे उत्तर मिळते, म्हणजे या दोन वह्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. कामाची प्रत दूरच्या ठिकाणाहून आणायची असेल तर आज्ञा ‘गिट क्लोन’ ही आहे. नाव व ईमेल विचारणारा संदेश मात्र नकारापेक्षा चौकशीच अधिक. नोंदीखाली कोणाची सही घालायची ते ‘गिट कॉन्फिग’ने एकदा सांगितले की संपले. कार्यालयाच्या कामावर कार्यालयाचाच ईमेल जाईल एवढे पाहावे.

ओळख पटविण्याच्या अडचणी जरा त्रासदायक असतात. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. जुन्या पुस्तकांवरून शिकणारा विद्यार्थी अचूक पासवर्ड पुन्हा पुन्हा लिहितो आणि दर वेळी अपयशी ठरतो. तेथे टोकन, म्हणजे मुदतीचे व मर्यादित अधिकारांचे लांबलचक सांकेतिक पत्र, किंवा एसएसएच किल्ल्यांची जोडी लागते. ‘परमिशन डिनाइड’ आणि पुढे ‘पब्लिककी’ असे आले तर दोनच शक्यता प्रथम तपासाव्यात : आपली सार्वजनिक किल्ली तेथे नोंदविलेली आहे काय, आणि आपला संगणक त्याच जोडीतील खासगी किल्ली पुढे करीत आहे काय. खासगी किल्ली कोणालाही द्यायची नसते. मदत करणाऱ्या वरिष्ठालाही नाही. आणखी एक फसवा संदेश ध्यानात असावा. ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ याचा अर्थ ती नाहीच असा होत नाही. आपल्याला पाहण्याचा अधिकार नसेल तर खासगी रिपॉझिटरी अस्तित्वात आहे हेसुद्धा गिटहब उघड करीत नाही. एकाच संगणकावर पूर्वी दुसऱ्याचे खाते वापरले गेले असेल तर त्याचीच ओळख जतन होऊन राहिलेली असते, आणि आपल्याला हे उत्तर मिळत राहते. सामाईक संगणकावर शिकणाऱ्या मुलांना याचा अनुभव विशेष येतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पुश केले आणि ‘रिजेक्टेड’ हा शब्द आला. संदेश सांगतो की दूरच्या वहीत अशा नोंदी आहेत ज्या तुमच्याजवळ नाहीत. म्हणजे आपण काम करीत होतो त्या अवधीत एखाद्या सहकाऱ्याने आपले काम तेथे चढविले. आपली वही जशीच्या तशी तेथे ठेवली तर त्याच्या नोंदी बाहेर पडतील, म्हणून गिट थांबले. पुष्कळांना येथे कोडे पडते, की क्षणापूर्वी ‘गिट स्टेटस’ने सर्व काही अद्ययावत आहे असे सांगितले होते! ते खोटे नव्हते. ‘गिट स्टेटस’ दूरच्या वहीकडे जाऊन पाहत नाही. आपण शेवटी जेव्हा तेथील माहिती आणली त्या वेळच्या चित्राशी ते तुलना करते. ताजे चित्र हवे असेल तर आधी ‘गिट फेच’ करावे लागते. फेचने आपल्या फायलींना धक्का लागत नाही, तेव्हा ते केव्हाही निर्धास्त करावे.

मग सहकाऱ्याच्या नोंदी आपल्या कामात मिळवून घ्याव्यात, कार्यक्रम पुन्हा चालवून पाहावा, आणि नंतर पुश करावे. मिळवून घेण्याच्या दोन पद्धती आहेत, मर्ज आणि रिबेस. कोणती वापरावी हा प्रत्येक गटाच्या शिस्तीचा प्रश्न आहे. पहिल्याच दिवशी तो विचारून घेतला तर कोणी हसत नाही. उलट विचारणारा मनुष्य गटाला हवाच असतो. न विचारणारा काय करतो? त्याच्या हाती कोणी तरी दिलेली ‘फोर्स’ ही जोड असते. ती पुशला लावली की नकार मुकाट्याने मागे सरतो, सहकाऱ्याच्या नोंदी सामाईक वहीतून नाहीशा होतात आणि पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते. हे सुरळीत दिसणे फार घातक. सहकाऱ्याच्या दोन दिवसांच्या कामाचा पत्ता नाही हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळते, आणि मग शोध सुरू होतो. स्वतःच्या एकट्याच्या ब्रँचवर, रिबेस केल्यानंतर, ही जोड लावण्याची वेळ रीतसर येते. तेथेही ‘फोर्स-विथ-लीज’ हा सौम्य प्रकार वापरावा. दूरची वही आपण शेवटची पाहिली तशीच असेल तरच तो पुढे जातो. मात्र संपादकाने पार्श्वभूमीवर आपणहून फेच केलेले असेल तर हे कवच पातळ होते. सामाईक मुख्य ब्रँचवर ‘फोर्स’ वापरण्यास प्रशासकाने बंदीच घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिक्याच्या सावधपणावर सर्वांचे काम टांगून ठेवणे हा त्या नवशिक्यावरही अन्यायच आहे.

आणि असे घडलेच तर? सहकाऱ्याचे काम त्याच्या स्वतःच्या संगणकावरील वहीत अजून असते. त्याला तत्काळ कळवावे, त्याने घाईने पुल किंवा रिसेट करू नये अशी विनंती करावी, आणि त्याच्या वहीतून त्या नोंदी पुन्हा चढवून घ्याव्यात. तासाभरात कळविले तर हे काम दहा मिनिटांचे असते.

याचेच एक भावंड म्हणजे पुल करताना येणारा ‘लोकल चेंजेस वुड बी ओव्हररिटन’ हा नकार. टेबलावरचे आपले अर्धवट कागद नव्या कागदांखाली गाडले जातील, एवढेच गिट सांगत असते. ते कमिट करावेत, किंवा ‘गिट स्टॅश’ने तात्पुरते कपाटात ठेवावेत आणि काम झाल्यावर ‘गिट स्टॅश पॉप’ने काढावेत. कपाटात ठेवलेले विसरणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी कमिटच करायला सांगतो.

‘कॉन्फ्लिक्ट’ या शब्दाने माणसे घाबरतात, तीही विनाकारण. समजा, माजी विद्यार्थी मेळाव्याच्या माहितीची एक फाइल आहे. एकाने मेळाव्याची वेळ सकाळी दहा लिहिली, दुसऱ्याने त्याच ओळीवर अकरा लिहिली. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असत्या तर गिटने त्या बहुधा न विचारता जुळविल्या असत्या. एकाच ओळीवर मात्र खरे काय हे साधनाला कळण्याचा मार्ग नाही. ते फायलीत सात डाव्या कोनांची एक ओळ, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची आणि शेवटी सात उजव्या कोनांची ओळ घालून दोन्ही मजकूर समोर ठेवते. आपण योग्य तो मजकूर ठेवून त्या तिन्ही खुणांच्या ओळी काढून टाकायच्या, मग ‘गिट ॲड’ आणि कमिट. यांत्रिक भाग एवढाच. मेळावा दहाला की अकराला, हे मात्र दुसऱ्या माणसाला फोन करूनच कळेल. स्वतःचे ते खरे धरून दुसऱ्याची बाजू पुसणे, किंवा भिडेपोटी आपली बाजू पुसणे, दोन्ही चूकच. गोंधळ फार वाढला असे वाटले तर ‘गिट मर्ज’ला ‘अबॉर्ट’ ही जोड द्यावी. मर्ज सुरू होण्यापूर्वीची स्थिती परत मिळते. टेबल आधी मोकळे, म्हणजे सर्व काही कमिट केलेले असेल, तर ही परतीची वाट पूर्ण भरवशाची असते.

‘डिटॅच्ड हेड’ या नावाचा शब्दशः अर्थ धडावेगळे शीर. अर्थ मात्र सौम्य : आपण कोणत्याही ब्रँचवर नसून एखाद्या जुन्या नोंदीवर उभे आहोत. केवळ पाहायचे असेल तर काहीच बिघडत नाही. तेथे नवे कमिट केले असतील तर निघण्यापूर्वी ‘गिट स्विच’ला ‘सी’ जोडून नवे ब्रँचनाव द्यावे, म्हणजे ते कमिट त्या नावाखाली टिकतील. नाव न देता निघून गेल्यास कमिट हरवल्यासारखे दिसतात.

‘हरवल्यासारखे’ म्हणतो ते विचारपूर्वक. ‘गिट रिफ्लॉग’ ही आज्ञा आपण कोणकोणत्या नोंदींवर उभे होतो त्याची दैनंदिनी दाखविते. सामान्यतः ही दैनंदिनी ९० दिवस राहते. कोणत्याही ब्रँचवरून पोचता येत नाही अशा नोंदींच्या बाबतीत ३० दिवस. तेथून त्या नोंदीचा क्रमांक घेऊन नवी ब्रँच काढली की काम परत हाती येते. नोकरी जाणार या भीतीने रात्रभर जागणाऱ्या तरुणाला ही एक आज्ञा माहीत असणे मोठ्या धीराचे आहे. पण ज्याची नोंदच झाली नाही ते येथे मिळत नाही. टेबलावरचे कागद ‘रिसेट हार्ड’, ‘गिट क्लीन’ किंवा ‘गिट रिस्टोअर’ने गेले की गिटजवळ त्यांचा मागमूस नसतो, ‘गिट ॲड’पर्यंत पोचलेला मजकूर तेवढा खटपटीने काढता येतो. या तीन आज्ञांपुढे हात थांबला पाहिजे. अर्धे झालेले काम स्वतःच्या ब्रँचवर कमिट करून ठेवण्यात काही कमीपणा नाही; नंतर नोंदी नीटनेटक्या करता येतात.

‘इंडेक्स डॉट लॉक’ नावाची फाइल आधीच आहे, असा नकार कधी कधी येतो. गिटचे दुसरे एखादे काम त्याच वेळी चालू आहे, किंवा मध्येच बंद पडताना कुलूप मागे ठेवून गेले आहे. संपादकासह सर्व खिडक्या बंद करून खात्री करावी, आणि मगच ती फाइल पुसावी.

मदत मागण्याचीही एक रीत आहे. ‘सर, गिट चालत नाही’ या वाक्यावर जगातला कोणताही तज्ज्ञ उत्तर देऊ शकणार नाही. दिलेली आज्ञा, आलेला संदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ‘गिट स्टेटस’चे उत्तर, आणि त्यापूर्वी काय काय केले ते, अशा चार गोष्टी मजकुराच्या रूपात पाठवाव्यात. चित्र काढून पाठविले तर समोरच्याला त्यातला शब्द उचलून शोधता येत नाही. हे चार तुकडे गोळा करतानाच पुष्कळदा उत्तर सापडते.

एक अडचण मात्र अशी आहे की जिच्यात गिट बहुधा नकार देतच नाही, आणि म्हणून ती सर्वांत गंभीर. डेटाबेसचा पासवर्ड किंवा सेवेची गुप्त किल्ली असलेली फाइल चुकून कमिट होऊन सामाईक वहीत गेली. पुढच्या नोंदीत ती फाइल काढून टाकली तरी मागच्या नोंदीत ती जशीच्या तशी वाचता येते, आणि वहीची प्रत ज्याने ज्याने घेतली त्याच्याजवळही ती पोचलेली असते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी. रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नसेल तर ज्याला आहे त्याला त्याच मिनिटाला फोन करावा, मग तो वरिष्ठ कितीही मोठा असो आणि वेळ कोणतीही असो. इतिहासातून ती फाइल उपटून काढण्याचे काम त्यानंतरचे. ते गटाला विश्वासात घेऊनच करावे लागते, कारण त्यामुळे सर्वांच्याच वह्या बदलतात. पुढच्यासाठी त्या फायलीचे नाव ‘गिटइग्नोर’ या यादीत घालावे. ही यादी केवळ नोंद न झालेल्या फायलींना लागू होते. एकदा नोंद झालेली फाइल यादीत नाव घालूनही वगळली जात नाही, तिला आधी ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ जोडून नोंदीतून बाहेर काढावे लागते.